एका घरात दोन माणसं राहतात हो, साहेब!

मागच्या आठवड्यात पुतण्या तोंड पाडून माझ्याजवळ येऊन बसला. दहावीत आहे. मला वाटलं गणिताचा पेपर गेला असेल. पण त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. मराठीत मतलब असा, की तुम्ही एकापेक्षा जास्त खाती चालवत असल्याचे आढळून आले आहे, सबब तुमची सर्व खाती कायमची बंद करण्यात येत आहेत, आणि हा निर्णय अंतिम आहे. त्याचं खातं तर गेलंच, सोबत त्याच्या धाकट्या बहिणीचंही गेलं. दोन वर्षांची मेहनत होती म्हणे.

आता यांचा गुन्हा काय ते ऐका. दोघं भावंडं एका घरात राहतात. घरात वायफाय एक. भावाला नवा फोन आला तेव्हा त्याचा जुना फोन बहिणीकडे गेला. (आमच्याकडे नवं थोरल्याला आणि जुनं धाकट्याला, हा रिवाज शर्ट-स्वेटरपासून चालत आलाय.) दोघं एकच खेळ खेळतात, एकाच टोळीत आहेत, आणि बहिणीचं कोठार रिकामं झालं की भाऊ आपल्याकडचं लाकूड आणि धान्य तिला पाठवतो. कंपनीच्या संगणकानं हिशोब मांडला: पत्ता एक, फोन एक, माल इकडून तिकडे. म्हणजे माणूसही एकच. खेळ खल्लास.

"काका," तो म्हणाला, "आमी दोघं येगळे हाओ, हे त्यायले कसं सांगाव?"

मी काहीच बोललो नाही. एक तर मला उत्तर माहीत नव्हतं. दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. ते पुढे सांगतो.

(खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली ज्या खेळांची नावं येतील त्यांपैकी तो कुठलाच नाही, तेव्हा उगाच तर्क लढवू नका.)

ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या खेळांत प्रत्येकाला सुरुवातीला छोटंसं गाव मिळतं. शेत, खाण, कोठार, मग सैन्य. दिवसेंदिवस राबून ते वाढवायचं. आता एखाद्या हुशार माणसानं पाच नावांनी पाच गावं घेतली, चार गावं फक्त राबवली आणि त्यांचा सगळा माल पाचव्याच्या कोठारात ओतला, तर एकच गाव धरून बसलेला सरळ माणूस त्याच्यापुढे टिकणार कसा? शिवाय दुसऱ्या नावानं शत्रूच्या टोळीत शिरून हेरगिरी करता येते. पट्टीचा खेळाडू नवं खातं काढून नवशिक्यांना झोडपत बसतो. अशा माणसाला खेळाडूंच्या भाषेत 'मल्टी' म्हणतात. त्याला रोखायला नियम असतो, एक माणूस, एक खातं.

मी स्पष्टच सांगतो, हा नियम मला मान्य आहे. शंभर टक्के. मल्टी हा भामटाच. त्याची वकिली करायला मी हे लिहीत नाहीये. माझं भांडण आहे ते नियम राबवायच्या पद्धतीशी. नियम आहे माणसाबद्दल, आणि पकडतात पत्त्यावरून. या दोन गोष्टी एकच आहेत असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात येऊन चार दिवस राहावं.

आता ती अडचणीची गोष्ट.

साल २००८. आम्ही खामगावचे. तेव्हा घरी संगणक असणं म्हणजे मोठी चैन. बसस्टँडच्या बाजूला एका गाळ्यात सायबर कॅफे होता. सहा संगणक, मध्ये प्लायवूडचे आडोसे, बीएसएनएलची एक लाइन आणि बाहेर चपलांचा ढीग. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल त्याचं वेळापत्रक पोरांना परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं पाठ. वीज आली की कॅफे भरायचा. माझा धाकटा भाऊ (म्हणजे आजच्या या पुतण्याचा बाप) आणि त्याचे सहा मित्र, अशी सात पोरं तिथे बसून ब्राउझरवरचा एक गाव वाढवायचा खेळ खेळत. अर्धा-अर्धा तास पैसे वाटून घेत. एक उठला की त्याच खुर्चीत दुसरा बसे. सातही जण एकाच टोळीत. आता सात मित्र सात वेगवेगळ्या टोळ्यांत कशाला जातील?

मी तेव्हा अकोल्याला नोकरीला होतो. मीही त्याच टोळीत. खामगावची पोरं मला मानत, कारण माझं गाव सगळ्यांत मोठं होतं. कसं काय एवढं वाढवलं म्हणून विचारत. मी आपला मिशीतल्या मिशीत हसे.

कारण माझी खाती दोन होती.

दिवसा ऑफिसच्या लाइनवरून एक, रात्री खोलीजवळच्या कॅफेतून दुसरं. दुसऱ्या गावात मी फक्त शेती करायचो आणि सगळं धान्य पहिल्याला पाठवायचो. खामगावला आलो की दोन दिवस एकच खातं उघडायचो. सरळसरळ लबाडी. खेळच तर आहे, असं स्वतःला सांगायचो.

एका सकाळी त्या सातही पोरांची खाती बंद. कारण तेच, एकापेक्षा जास्त खाती. माझ्या दोन्ही खात्यांना मात्र कुणी हातही लावला नाही. संगणकाला माझे दोन पत्ते दिसत होते, म्हणून मी एकटा दोन माणसं ठरलो. आणि ती सात पोरं, सात आयांच्या पोटची, मिळून एक माणूस ठरली!

पुढचं तर आणखी वाईट. माझं इंग्रजी बरं, म्हणून त्यांच्या वतीनं कंपनीला अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच आलं. लिहिला. आम्ही सात वेगळे विद्यार्थी आहोत, आमच्या गावात इंटरनेटची सोय कमी आहे, आम्ही एकाच ठिकाणी बसतो वगैरे. एका अस्सल मल्टीनं सात निर्दोष पोरांसाठी लिहिलेला अर्ज. उत्तर एका ओळीचं आलं, निर्णय बदलणार नाही. भावानं त्यानंतर तो खेळ सोडला. मी आणखी चार महिने खेळलो. दोन्ही खात्यांवर.

तेव्हा पुतण्यानं परवा विचारलं आणि मी गप्प बसलो, ते यासाठी.

यात माझी लबाडी आहे, ती मी झाकत नाही. पण तिच्यातून जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. पत्त्यावरून मल्टी पकडायची पद्धत ही मल्टीला पकडतच नाही. ज्याच्याकडे दोन जागी बसायची सोय आहे तो सुटतो. ज्यांच्याकडे सात जणांत मिळून एकच जागा आहे ते अडकतात. म्हणजे पकडली जाते ती लबाडी नव्हे, पकडली जाते टंचाई.

कुणी म्हणेल, ही २००८ ची रडकथा झाली. आता घरोघरी फोन आहेत, कॅफे बंद पडले. बरोबर. पण पत्त्यांची टंचाई संपलेली नाही. उलट ती आता डोळ्यांआड गेली आहे.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक क्रमांक लागतो, आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर आहे. आणि वाटप झालं ते आधी या आणि घेऊन जा अशा हिशोबानं. इंटरनेट जिथे आधी आलं, त्या अमेरिका-युरोपवाल्यांनी भरभरून उचलले. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या तुकड्यावर आला. आपल्याकडे स्वस्त मोबाईल इंटरनेटची लाट आली ती त्यानंतर, २०१६ पासून. मग कंपन्यांनी काय केलं, शेकडो ग्राहकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे उभं केलं. मोठ्या इमारतीत टेबलांवर वेगवेगळे फोन असतात, पण बाहेरच्याला एकच नंबर दिसतो, तसंच. नवे, लांबलचक पत्ते (आयपीव्ही६) आलेत आणि आपल्याकडे ते बऱ्यापैकी पसरलेतही, पण सगळ्याच खेळांचे सर्व्हर त्यांवर नीट चालतात असं नाही. म्हणजे आज मलकापूरच्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला एक आणि चिखलीच्या बाजारात उभा असलेला दुसरा, एक घाटाखालचा, एक घाटावरचा, एकमेकांना जन्मात न पाहिलेले, बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावर राहणारे दिसू शकतात.

गंमत म्हणजे आपल्या सरकारला ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. २०११ साली सायबर कॅफेंसाठी नियम आले. त्यांत येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, वहीत नाव आणि वेळ लिहा, ती नोंद किमान एक वर्ष जपून ठेवा, असं होतं. त्या नियमांचा जाच कॅफेवाल्यांना झाला, ते वेगळं. पण त्यामागचा विचार काय होता? की नुसता कॅफेचा पत्ता कळून माणूस कळत नाही, त्या वेळी खुर्चीत कोण होतं ते विचारावं लागतं. सरकारी बाबूला जे कळतं ते या खेळवाल्या कंपन्यांतल्या शहाण्या इंजिनियरांना कळत नसेल? कळतं. चांगलं कळतं. पण विचारायला माणूस ठेवावा लागतो, आणि माणसाला पगार द्यावा लागतो.

आता पत्त्यावर भागत नाही म्हणून फोन किंवा संगणक ओळखायची पद्धत आली. २०२० साली आलेल्या व्हॅलोरंटसारख्या खेळांत तर खात्याबरोबर यंत्रावरच बंदी घालता येते. लबाडी करणारी प्रोग्रामं वापरणाऱ्यांना आवरायला ते केलं, हेतू चांगलाच. पण यंत्र म्हणजे तरी माणूस कुठे? आमच्याकडे फोन दुकानातून निघतो आणि मग थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून मामेभावाकडे, आणि शेवटी सेकंडहँड विकणाऱ्याच्या काउंटरवर जातो. म्हणजे केलं एकानं आणि भोगतो तिसराच, ज्यानं फोन घेताना फक्त काचेवरचा तडा तपासला होता.

हे कोडं सोपं आहे असं मी म्हणत नाही. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या जॉन डूसर यांनी यावर एक निबंध लिहिला होता. एकच माणूस अनेक सोंगं घेऊन जाळ्यात शिरतो, या प्रकाराला त्यांनी 'सिबिल हल्ला' म्हटलं. अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका स्त्रीवरच्या पुस्तकावरून आलेलं हे नाव. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की ओळख पटवून देणारी एखादी मध्यवर्ती सत्ता नसेल, तर प्रत्यक्षातल्या परिस्थितीत असे हल्ले पूर्णपणे थांबवता येत नाहीत. म्हणजे दुरून, जाळ्यातून, माणसं मोजता येत नाहीत हे शास्त्रानं वीसेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. मग ज्या मोजणीची खात्रीच नाही तिच्या जोरावर "निर्णय अंतिम आहे" हे वाक्य लिहायची हिंमत कुठून येते?

इथे लगेच एक जण हात वर करतो. "मग आधार जोडा ना! पॅन कार्ड मागा!"

नको रे बाबा. जिथे पैसे लावून खेळ होता तिथे ओळखपत्र मागणं एक वेळ समजू शकतो. तिथे एकेक जण दहा खाती काढून दहादा बोनस उकळायचा. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला. आता लाकूड-धान्याच्या खेळासाठी दहावीतल्या पोराचं आधार एखाद्या परदेशी कंपनीच्या हवाली करायचं? आणि करून उपयोग काय? चीनमध्ये खेळाडूंची खरी ओळख सक्तीची आहे. सप्टेंबर २०२१ पासून तिथे अल्पवयीन पोरांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढंच खेळता येतं. झालं काय, तर पोरं आजी-आजोबांच्या नावानं खेळू लागली. टेन्सेंट कंपनीला रात्री खेळणाऱ्यांचे चेहरे तपासणारी यंत्रणा बसवावी लागली. दक्षिण कोरियात मध्यरात्रीनंतर सोळा वर्षांखालच्यांना खेळबंदी होती. तिथेही पोरांनी आई-बापाचे क्रमांक वापरले, आणि २०११ साली आलेला तो कायदा सरकारनं दहा वर्षांनी मोडीत काढला. आमच्या घरात तर आजोबांचं आधार कार्ड टीव्हीच्या टेबलाच्या खणात असतं. पुतण्याला ते सापडायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

आता पैशाचं बघू. कारण एक माणूस एक खातं हे तत्त्व कंपन्यांना खरंच एवढं पवित्र वाटतं का, हा प्रश्न आहेच.

ईव्ह ऑनलाइन नावाचा आइसलँडच्या कंपनीचा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात एका माणसानं अनेक खाती ठेवायला पूर्ण मुभा. इतकी, की दुसरं खातं घ्या, सवलतीत देतो, अशी जाहिरात कंपनी स्वतः करत असे. २०१६ मध्ये त्यांनी फुकटची खाती सुरू केली. आणि फुकटच्या खात्याला नियम काय? ते दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी उघडायचं नाही! पैसे भरणाऱ्यानं हवी तेवढी उघडावीत. त्यांचा खेळ, त्यांचा नियम, तो त्यांनी उघडपणे सांगितला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यावरून एवढं तरी कळतं, की एकाच माणसाची अनेक खाती हे काही मुळातच पाप नाही. पैसे मिळाले तर तो ग्राहक, न मिळाले तर तो भामटा.

मग करायचं काय? नुसती टीका करून पळून जाणं मला आवडत नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने होतात. तिथेही मल्टी असतोच. सकाळी एका गावाकडून आणि संध्याकाळी टोपी फिरवून दुसऱ्या गावाकडून खेळणारा फलंदाज कुणी पाहिला नाही? समोरचा संघ बोंब मारतो. पंच खेळ थांबवतात, त्याला बोलावतात, टोपी काढायला लावतात, चार जणांना विचारतात. कधी त्याला बाहेर बसवतात, कधी समज देऊन सोडतात. भांडणं होतात, कधी चुकीचा निर्णयही होतो. पण दोघं सख्खे भाऊ एकाच मोटारसायकलवर आले, सबब ते एकच खेळाडू आहेत, असं म्हणणारा पंच मी अजून पाहिलेला नाही. आणि असा कुणी निघाला तर पोरं त्याला स्टंप घेऊन गावाच्या वेशीपर्यंत सोडून येतील.

पंचाकडे असतं काय? तो चेहरा बघतो, खेळ बघतो आणि समोरच्याला बोलू देतो. चेहरा इंटरनेटवर दिसत नाही, मान्य. पण उरलेल्या दोन गोष्टी?

खेळ बघता येतो. अगदी बारकाईनं बघता येतो, सगळी नोंद कंपनीकडेच असते. मल्टीचं दुसरं खातं कसं असतं ते मी सांगतो, मी चालवलेलं आहे. त्याला स्वतःचं आयुष्य नसतं. ते कधी हल्ला करत नाही, कुणाशी बोलत नाही, त्याला राग येत नाही, ते स्वतःसाठी एक भिंतसुद्धा बांधत नाही. पिकवतं आणि पाठवतं. माझ्या पुतणीचं खातं बघा. ती भावाकडून धान्य घेते आणि परत करत नाही, टोळीत इतरांशी भांडते, भावानं नको म्हटलेल्या ठिकाणी सैन्य धाडून सगळं गमावते. ते एका वेगळ्या, हट्टी माणसाचं खातं आहे हे कुणालाही दहा मिनिटांत कळेल. बघितलं तर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये असंच केलं. अनेक खाती असण्याला त्यांनी हात लावला नाही, पण एक बटण दाबून सगळ्या खात्यांना एकदम हुकूम सोडणाऱ्या प्रोग्रामवर बंदी घातली. खाती किती ते मोजण्यापेक्षा वागणूक काय ते पाहिलं.

आणि आधी सांगता येतं. जर्मनीच्या ओगेम या खेळात पूर्वीपासून नियम होता, की एकाच जोडणीवरून दोघं खेळत असाल तर तसं आधी कळवा आणि आपसात ताफ्यांचा व्यवहार करू नका. भावाला भावाशी व्यवहार बंद, हे जाचक आहे. पण त्यात निदान हे तरी मान्य केलंय की एका घरात दोन माणसं राहू शकतात. २००४ साली आलेला ट्रॅव्हियन, तोही जर्मनीचाच, तर आणखी पुढे गेला. तुम्ही गावाला गेलात तर तुमचं खातं सांभाळायला दुसऱ्या खेळाडूला रीतसर नेमता येतं. त्याला काय करता येईल, काय नाही, हे ठरलेलं. म्हणजे शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून जाण्यासारखं. या दोन्ही खेळांत चुकीच्या बंद्या झाल्याच नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण माणसं एकमेकांच्या घरात वावरतात ही गोष्ट तिथे नियमात लिहिलेली सापडते.

त्याहून सोपा उपाय माझ्यासारख्या माजी भामट्याकडून ऐका. संशय आला ना? मग त्या दोन खात्यांमधली देवाणघेवाण तेवढी बंद करा. खाती राहू द्या. खरा मल्टी असेल तर त्याचं दुकान तिथेच बसलं, कारण माल पाठवता येत नसेल तर दुसरं गाव राबवण्यात काही अर्थ उरत नाही, तो आपण होऊन सोडून देईल. आणि भावंडं असतील तर? बहीण दोन दिवस कुरकुरेल आणि स्वतःचं धान्य स्वतः पिकवील. तुमचा अंदाज चुकला तरी कुणाची दोन वर्षं मातीत जाणार नाहीत. पुरावा कच्चा असेल तर शिक्षा हलकी असावी, एवढी साधी गोष्ट आहे. कायमची बंदी ही पक्क्या पुराव्यासाठी राखून ठेवा, आणि तीही समोरच्याचं ऐकल्यावर. ऐकायचं म्हणजे माणसानं, यंत्रानं नव्हे.

"अहो, खेळ फुकट आहे. कंपनीचा माल, कंपनीची मर्जी." हे उत्तर मला पाठ आहे. कायद्यानं ते खरंही असेल, खातं उघडताना न वाचता कुठेतरी टिचकी मारून आपण ते कबूलही केलेलं असतं. पण फुकट कुठे? गर्दी असल्याशिवाय पैसेवाला खेळाडू येत नाही. त्याला हरवायला कुणीतरी लागतं, त्याची मोठी तलवार बघायला कुणीतरी लागतं. ती गर्दी म्हणजे आमची पोरं. जत्रेत पाळणेवाला फुकट्या पोरांना हाकलतो, पण त्या पोरांच्या गलक्यामुळेच पाळण्यापुढे रांग लागते हे त्यालाही ठाऊक असतं.

आणि ज्याला अजूनही वाटतं की पोरासोरांच्या खेळाबद्दल एवढं काय लिहायचं, त्याला परवाचा शेवट सांगतो.

पुतण्यानं माझ्या गप्प बसण्याचा त्याला हवा तो अर्थ काढला. रात्री जेवण झाल्यावर खुशीत आला. कुणीतरी त्याला पत्ता लपवायचं ॲप दाखवलं होतं. "काका, हे पाहा. याच्यात मी ॲमस्टरडॅमचा दिसतो अन् ते सिंगापूरची. आता दोन काय, धा खाती काढली तरी कोनी धरत नाई!"

धरत नाही हे खरं आहे. मला कुठे धरलं?

दोन दिवसांपूर्वी हे पोरगं आपण निर्दोष आहोत हे कसं सांगायचं म्हणून विचारत होतं. आज त्याला कळलं की सांगायची गरजच नाही, लपता आलं की झालं. हा धडा त्याला त्या चार ओळींनी दिला. ऐकून न घेता शिक्षा देणारा पंच असला की खेळाडू पंचाला फसवायला शिकतो, आणि तेही स्वतःला बरोबर समजून. उद्या हे पोरगं कॉलेजात जाईल, नोकरीत जाईल, कुठल्यातरी कार्यालयात संगणक त्याला म्हणेल की तुमचा अर्ज नामंजूर, निर्णय अंतिम. तेव्हा ते भांडेल, की ॲमस्टरडॅमचं होईल?

मी त्याला ते ॲप काढून टाकायला लावलं. दोघा भावंडांना समोर बसवून पुन्हा अर्ज लिहायला लावला, या वेळी त्यांचा त्यांनी, जमेल तशा इंग्रजीत. पुतणीनं लिहिलंय की माझा भाऊ माझ्यापेक्षा वाईट खेळतो, त्यामुळे आम्ही एक असणं शक्य नाही. मला तो मुद्दा बिनतोड वाटला. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि २००८ ची गोष्ट. ती आजवर मी माझ्या भावाला सांगितलेली नव्हती. हा लेख त्याला आज रात्री वाचायला देणार आहे. त्यानं मला काय शिक्षा द्यायची ते तो ठरवील. निदान आधी माझं ऐकून तरी घेईल.